शिलोहाचा बुरूज आणि हडफड्याची आग: बातमीवर चिंतन कसं करायचं

तू विचारलंस ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वास्कोच्या तुमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत शुक्रवारी कॉटेज मीटिंग, म्हणजे घरी भरणारी प्रार्थनासभा, होते. महिन्यातला एक शुक्रवार पाळकांनी तुझ्याकडे दिला आणि सांगितलं, की तरुण मुलं यायला हवी असतील तर वचन आजच्या जगाशी जोडून बोल. तू हडफड्याच्या नाइट क्लबला लागलेल्या आगीवर बोललीस. मीटिंग सुटल्यावर चहाच्या वेळी एक काका म्हणाले, हे शेवटच्या काळाचं लक्षण आहे, ते का नाही सांगितलंस? दुसरे म्हणाले, देवाच्या घरात राजकारण आणू नये. आणि घरी परतताना सासूबाईंनी विचारलं, नाइट क्लबात मेलेल्यांसाठी आपण कशाला प्रार्थना करायची? आता पुढच्या वेळी बातम्यांना हातच लावू नये, असं तुझ्या मनात आलंय.

हात लाव. मी म्हापशाकडच्या घराघरांतून बरीच वर्षं संदेश देत आले, त्याआधी शाळेत शिकवलं आणि संडे स्कूल चालवलं. त्यातून जे हाती लागलं ते सांगते. पटेल तेवढं घे.

सुरुवात सासूबाईंच्या प्रश्नापासून करू, कारण तिघांत खरा प्रश्न त्यांचाच आहे. आणि तो येशूसमोर आलेला आहे, जवळजवळ याच शब्दांत. लूकचा तेरावा अध्याय काढ. लोक येशूकडे ताजी बातमी घेऊन येतात: रोमी सुभेदार पिलातानं काही गालीली लोकांना यज्ञ चालू असतानाच मारलं, त्यांचं रक्त यज्ञपशूंच्या रक्तात मिसळलं. येशू त्यात स्वतःहून दुसरी बातमी घालतो: शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण ठार झाले. एक सरकारी अत्याचार, एक अपघात. दोन्हींबद्दल तो एकच विचारतो: हे मेलेले बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होते असं वाटतं का तुम्हाला? आणि स्वतःच उत्तर देतो, नाही. पण तुम्ही पश्चात्ताप केला नाहीत तर तुमचाही नाश होईल.

तो काय करत नाही तेही बघ. देवानं हे का होऊ दिलं, याचं स्पष्टीकरण देत नाही. पिलाताची बाजू घेत नाही. मेलेल्यांच्या चारित्र्याची चौकशी तर दारातच थांबवतो. बातमी घेऊन आलेल्यांना वाटलं होतं, आपण दुसऱ्यांबद्दल बोलतोय. तो ती बातमी उलटी फिरवून त्यांच्याच पुढ्यात ठेवतो. माझ्या मते बातमीवरच्या ख्रिस्ती चिंतनाचं मूळ इथं आहे. बाकी सगळी तंत्रं यानंतरची.

आता हडफडे. ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्री लागलेल्या त्या आगीत २५ माणसं गेली. त्यातली बहुतेक तिथं नाचायला आलेली नव्हती, कामाला होती. झारखंड, आसाम, उत्तराखंड, नेपाळ अशा ठिकाणांहून येऊन स्वयंपाकघरात आणि वाढपाचं काम करणारी पोरं. बरेच जण खाली तळघराच्या बाजूला धुरानं गुदमरले. सासूबाईंना हे शांतपणे सांग. त्यांच्या डोक्यात नाइट क्लब म्हटल्यावर जे चित्र येतं त्यात भांडी घासणारा मुलगा नसतो. पण समजा ते सगळे नाचायलाच गेलेले असते, तरी लूक १३ मधलं उत्तर बदलत नाही. हेही सांग, आणि हेच आधी सांग. नाहीतर आपण 'कामगार होते म्हणून दया' एवढ्यावर थांबतो.

पश्चात्ताप करा म्हणजे काय, इथं मात्र बहुतेक संदेश ढिले पडतात. 'आपण सर्व पापी आहोत' म्हणून आमेन होतं आणि लोक समोशाकडे वळतात. तिथं बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकातलं २२:८ जोड. नवं घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर, म्हणजे कोणी वरून पडून तुझ्या घरावर रक्तपाताचा दोष येणार नाही. नियमशास्त्रात बांधकाम सुरक्षेचा नियम आहे, हे आपल्या लोकांना सांगितलं की चकित होतात. धाब्यावरून पडलेला माणूस सुज्ञ होता की दारू प्यालेला, हे वचन विचारत नाही. कठडा नसेल तर दोष घराच्या मालकावर.

आगीनंतरच्या मीटिंगमध्ये आम्ही हे वचन वाचलं आणि नंतर आम्ही उपासनेला भाड्यानं घेतो तो हॉल बघायला उठलो. मागचं दार आहे, पण त्याला कुलूप, चावी घरमालकाकडे. दारासमोर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची चळत, नाताळच्या गोठ्याचं खोकं आणि एक बिघडलेला स्टँड फॅन. पुढचं दार आत उघडणारं, म्हणजे गर्दी दाराला भिडली की ते उघडणारच नाही. नाताळच्या रात्री याच खोलीत मुलांच्या हातात मेणबत्त्या दिल्या जातात, भिंतीला थर्माकोल आणि जिलेटिनचा कागद. कोणी काही बोललं नाही. दोन मुलांनी खुर्च्या उचलायला घेतल्या. घरमालकाला फोन करून दुसरी चावी मागितली, ती मिळायला त्यानं बरीच खळखळ केली. पुढचं दार अजून तसंच आहे, ते बदलायला पैसे लागतात आणि हॉल आपला नाही. पण त्या संध्याकाळी लूक १३ कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

म्हणून माझी एक सवय सांगते. चिंतन तयार करताना शेवटी एक ओळ लिहायची: ही बातमी आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर कुठं आहे? ती ओळ लिहिता आली नाही तर त्या बातमीवर अजून बोलायचं नाही, फक्त प्रार्थना करायची. तुझ्या मंडळीत हॉटेलात, जहाजदुरुस्तीत, गोदीत काम करणारे असतीलच. त्यांना विचार, कामाच्या जागी बाहेर पडायचं दुसरं दार कुठं आहे? पगार वेळेवर होतो का? मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी दे, हे अनुवाद २४ मध्ये आहे आणि तिथंच परक्या मजुराचाही स्पष्ट उल्लेख आहे. आपल्याकडे घरकामाला येणाऱ्या बाईचा पगार किती तारखेला होतो, हा प्रश्न मीटिंगमध्ये विचारलास तर बघ कशी शांतता पसरते.

शेवटच्या काळाच्या काकांसाठी फार वेळ घालवू नको. वाद घालू नको, वचन उघडायला सांग. मत्तय २४ मध्ये युद्धं, दुष्काळ, भूकंप यांची यादी देतानाच येशू म्हणतो, घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही. पुढं म्हणतो, तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. आणि अध्याय संपतो कुठं? धन्यानं ज्याच्यावर घरच्यांना वेळेवर जेवण द्यायची जबाबदारी टाकली त्या दासापाशी. धनी आला तेव्हा तो दास वाढत होता, एवढंच. आकाशाकडे बघत बसला होता असं नाही. काका भले आहेत, पण प्रत्येक बातमीला 'लक्षण' म्हटलं की तिच्याबद्दल काही करायचं उरत नाही. माझ्या अनुभवात या बोलण्याची गोडी तिथंच असते.

दुसऱ्या काकांचं, म्हणजे राजकारणाचं, जास्त गांभीर्यानं घे. त्यांची भीती अगदी खोटी नाही. मंडळीत सत्ताधाऱ्यांना मानणारेही बसतात, विरोधकही. निवडणुकीच्या दिवसांत कोणी वचनाच्या आडून मतं मागायला लागला तर त्याला खाली बसवावंच. उमेदवाराचं नाव, पक्षाचं नाव, चिन्ह, यातलं काही तुझ्या तोंडी येता कामा नये. पण 'बातम्या नकोत' ही आपली परंपरा नाही, हे त्यांना आदरानं सांग. मराठी ख्रिस्ती लोकांचं 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ साली अहमदनगरला सुरू झालं, त्यात धर्म होता तशा बातम्याही होत्या. पंडिता रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुलींना घेऊन आल्या आणि केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. १८९७ साली पुण्यात प्लेग होता, तेव्हा सरकारी प्लेग इस्पितळातल्या बायकांच्या हालांबद्दल त्यांनी वर्तमानपत्राला जाहीर पत्र लिहिलं. राज्य इंग्रजांचं, म्हणजे त्यांच्याच धर्माच्या लोकांचं, तरी लिहिलं. सरकारला ते झोंबलं. त्याला काका राजकारण म्हणतील का, विचार.

आणि मग १ राजे २१. गोव्यात राहणाऱ्या ख्रिस्ती माणसानं वर्षातून एकदा तरी हा अध्याय मोठ्यानं वाचावा. अहाब राजाला राजवाड्याला लागून असलेला नाबोथाचा द्राक्षमळा हवा असतो. कशाला? भाजीचा मळा करायला. तो काही लुटारूसारखा येत नाही, रीतसर सौदा मांडतो: याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख दाम देतो. नाबोथ म्हणतो, वाडवडिलांचं वतन देणार नाही. राजा तोंड फिरवून पलंगावर पडतो, जेवत नाही. मग राणी ईजबेल सूत्रं हाती घेते आणि इथून पुढं सगळं कसं कायदेशीर होतं ते पाहा. राजाच्या नावानं पत्रं, राजाची मोहर, गावच्या वडीलधाऱ्यांना हुकूम, उपासाचा कार्यक्रम, नाबोथाला मानाची जागा, दोन साक्षीदार, निकाल, दगडमार. एकही कागद कमी नाही. धार्मिक कार्यक्रमसुद्धा आहे.

मी या गोष्टीवर बोलते तेव्हा अहाबावर किंवा ईजबेलीवर फार थांबत नाही, त्यांना नावं ठेवणं सोपं. मी थांबते गावच्या त्या वडील मंडळींपाशी. पत्र आलं, त्यांनी वाचलं, त्यांना सगळं कळलं, आणि सांगितलं तसं केलं. आपण मंडळीत बसणारी माणसं त्या जागी असतो. पंचायतीत, कचेरीत, बिल्डरच्या हाताखाली, दलाल म्हणून, ग्रामसभेला न जाणारे म्हणून.

गोव्याशी जोडताना मोघम बोलू नको, पण जेवढं नक्की माहीत आहे तेवढंच बोल. नगरनियोजन कायद्यात २०२३ साली १७(२) हे कलम आलं. प्रादेशिक आराखड्यातली 'चूक दुरुस्त' करण्याच्या नावाखाली एकेका भूखंडाचा झोन बदलायची सोय त्यात होती. फळबाग, शेत, नैसर्गिक आच्छादन म्हणून दाखवलेली जमीन त्यातून वसाहतीत आली. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोव्यातल्या खंडपीठानं त्याखालचे नियम रद्द ठरवले. तोवर २०२४ साली ३९अ आलेलंच होतं, झोन बदलायची दुसरी वाट, आणि त्यावरून आंदोलनं झाली. त्याआधी २००७ साली लोकांच्या दबावामुळं २०११ सालापर्यंतचा प्रादेशिक आराखडा सरकारला मागे घ्यावा लागला होता. एवढं सांगितलंस की पुरे. कुठल्या मंत्र्यानं काय केलं हे ऐकणाऱ्यांना तुझ्यापेक्षा जास्त माहीत असतं.

आपली अडचण अशी, की आपण मराठी ख्रिस्ती इथं बहुतेक जण बाहेरून आलेले. कोणी नगरहून, कोणी कोल्हापूर-बेळगावकडून, बंदरात, रेल्वेत, शाळेत, इस्पितळात नोकरीला. वतन आपलं नाही. उलट डोंगर कापून उभ्या राहिलेल्या इमारतीत आपलाच टू बीएचके असतो. एका मीटिंगमध्ये एका तरुण नवऱ्यानं विचारलं होतं, "मावशी, मग आम्ही राहायचं कुठं? भाड्यानं जन्म काढायचा?" प्रश्न रास्त आहे आणि त्याला झटकन उत्तर नाही. मी त्याला एवढंच म्हटलं, की फ्लॅट घेताना दर चौरस मीटरचा भाव विचारतोस तसं जमिनीची सनद कधीची, एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्याचा सातबारा) कुळाचं नाव आहे का, आधी तिथं काय होतं, हेही विचार. मुंडकाराला, म्हणजे जमीनमालकाच्या जागेत घर करून राहणाऱ्याला, उठवून बांधलेलं असेल तर सोड, स्वस्त असलं तरी. लेवीय २५:२३ मध्ये परमेश्वर म्हणतो, जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे परके आणि उपरे. या वचनानं भाटकार, म्हणजे जमीनमालकही, उपरा ठरतो आणि आपणही. भायलो-गोंयकार (बाहेरचा की गोव्याचा) वादात तुला खेचायला बघतील तेव्हा हे वचन जवळ ठेव. यिर्मया २९:७ सुद्धा, ज्या नगरात नेलं त्याच्या हितासाठी झटा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा. पाहुण्यासारखं राहून मजा बघायची सोय त्यात नाही.

आता एक नाजूक गोष्ट, जी तू विचारली नाहीस पण तुझ्यापुढं येणार. २०२४ च्या ऑक्टोबरात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांची डीएनए चाचणी करा असं जाहीर विधान झालं. काही आठवड्यांवर, २१ नोव्हेंबरपासून, जुन्या गोव्यात शवप्रदर्शन सुरू व्हायचं होतं. कॅथलिक बांधव रस्त्यावर आले. आपल्या काही प्रोटेस्टंट लोकांचं म्हणणं असं, की आपण अवशेष मानत नाही, नवेना (नऊ दिवसांची प्रार्थना) करत नाही, हा आपला विषय नाही. मला हे अजिबात पटत नाही. शेजारणीच्या आईबद्दल कोणी वेडंवाकडं बोललं, तर तिची आई माझी आई नाही म्हणून मी गप्प बसेन का? गोंयच्या सायबाच्या, म्हणजे झेवियरच्या, फेस्ताला जायचं की नाही हा तुझ्या श्रद्धेचा प्रश्न. शेजाऱ्याच्या अपमानाच्या वेळी त्याच्या दारात उभं राहणं हा शेजारधर्म.

हेच दुसऱ्या बाजूनंही. मे २०२५ मध्ये शिरगावला लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन माणसं दगावली. एका भगिनीनं मला विचारलं, त्यांच्यासाठी मंडळीत प्रार्थना केली तर मूर्तिपूजेला मान्यता दिल्यासारखं नाही का होणार? रोम १२:१५ मध्ये शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा एवढंच आहे, त्याला अट जोडलेली नाही. आणि म्हापशात राहणाऱ्यांना हे शिकवायची गरज पडू नये. मिलाग्र सायबिणीला, म्हणजे म्हापशाच्या चर्चमधल्या मरियामातेला, इथले हिंदू लईराईची बहीण मानतात, तिच्या फेस्ताला रांगेत उभे राहतात. ती बहिणींची कथा तुझ्या विश्वासात बसत नसेल, नसू दे. ज्यांचा मुलगा धोंड म्हणून व्रत करून गेला आणि परत आला नाही, त्यांच्या घरासाठी प्रार्थना करायला कुठली कथा मान्य करावी लागत नाही. तिथंही लूक १३ लागू आहेच: ते अधिक अपराधी होते का? नाही.

तयारीबद्दल थोडं. घटना घडली त्याच आठवड्यात बोलायची घाई करू नको. पहिल्या आठवड्यात फक्त विलाप पुरे. स्तोत्र १३ वाच, "हे परमेश्वरा, किती वेळ", आणि बस. विलापाला निष्कर्ष लागत नाही आणि आपल्या लोकांना ते शिकायची फार गरज आहे, आपण लगेच 'देवाची योजना' काढतो. मेलेल्याच्या आईसमोर जे वाक्य बोलायची हिंमत होणार नाही ते व्यासपीठावरूनही बोलायचं नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं काहीही संदेशात घ्यायचं नाही, मग ते पाळकांनी पाठवलेलं का असेना. विशेषतः 'अमुक राज्यात चर्च जाळलं' असल्या गोष्टी. खऱ्या असतात तेव्हा त्या वर्तमानपत्रातही येतात, तारीख आणि जागेसकट. नीतिसूत्रे १८:१७ सांगतं, वादात पहिला बोलणारा खराच वाटतो, दुसरा येऊन त्याची झडती घेईपर्यंत. आणि खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा फॉरवर्डच्या बटनालाही लागते. या बाबतीत मी फार कडक आहे, माझ्या मीटिंगमध्ये लोक चिडतात.

वचन आधी ठरव, बातमी नंतर, असं पुष्कळजण सांगतात. मी तसा नियम करत नाही. कधी बातमीच वचन शोधायला लावते, कठड्याचं वचन मला आगीमुळेच आठवलं. फक्त वचन उघडल्यावर ते बातमीपेक्षा जास्त वेळ बोललं पाहिजे. वीस मिनिटांतली पाच बातमीला, त्याहून जास्त नाही. आणि प्रार्थनेत नावं घे. 'सर्व पीडितांना सांत्वन दे' म्हटलं की कुणीच डोळ्यापुढं येत नाही. 'रात्रपाळीला स्वयंपाकघरात असणाऱ्या आपल्या मुलांना' म्हटलं की तुमच्याच मंडळीतली दोन-तीन आया पदर डोळ्याला लावतील, कारण त्यांची मुलं तिथंच आहेत.

पुढच्या शुक्रवारी मात्र नाबोथ घेऊ नको. तो अध्याय जड आहे आणि काकांचा राग ताजा आहे. लूक १३ पुन्हा घे, पण या वेळी सहाव्या ओवीपासून पुढं: तीन वर्षं फळ न दिलेलं अंजिराचं झाड, तोडायला निघालेला मालक आणि 'आणखी एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो' म्हणणारा माळी. बुरुजाच्या बातमीला लागूनच लूकनं हा दाखला ठेवलाय. कोणती बातमी जोडायची ते तू ठरवू नकोस, बसलेल्यांना विचार, या आठवड्यात कोणत्या बातमीनं झोप लागली नाही? सासूबाईंना आधी बोलू दे.